कारण : इतर

तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे,
जिथे पंखा दोन नंबरवरच फिरतो,
तिथे मी बसते. कामाचं नाव डेटा एन्ट्री.
सकाळी गाठी भरते, दुपारी बाळं.

गाठी टिळे सरांच्या. तीन वर्षांतल्या चारशे अकरा.
त्यांना आकार असतो, बाजू असते, ग्रेड असते,
मेणात बसवलेल्या वडीला नंबर असतो.
बाळं आफ्रीन मॅडमची.
बाळांना नाव नसतं, आईचं नाव आणि पुढे 'चं बाळ',
वजन ग्रॅममध्ये.
आमच्या घरी ग्रॅममध्ये फक्त हिंग आणतात.

बाळ क्रमांक त्रेचाळीस. हौसा भोये हिचं.
एकतीस आठवडे, चौदाशे दहा, मुलगी.
काविळीसाठी निळ्या दिव्याखाली पाच दिवस.
रक्तात जंतू. अँटिबायोटिक दोनदा बदललं.
आईचं दूध : नाही.
कारण : पुढे चार चौकोन.
कमी येतं. आई दुसऱ्या गावी. आईची इच्छा नाही. इतर.
खूण 'इतर'वर.
मी नऊ दाबला. नऊ म्हणजे इतर.
आणि खोटं का बोलू, थोडा रागच आला मला,
एवढंसं लेकरू,
आणि बाईने साधं

पुढे काही म्हणाले नाही. चव्वेचाळीस घेतलं.

अकरा दिवसांनी, सकाळच्या ढिगात,
बाहेर आडगाव नाक्यावर द्राक्षांचे टेम्पो हॉर्न देत असताना,
गाठ क्रमांक दोनशे सतरा.
वय सव्वीस. डावा स्तन. चार बाय तीन सेंटिमीटर. ग्रेड तीन.
गाव सुरगाण्याच्याही पुढचं.
शेरा, सरांच्या तिरक्या अक्षरात : गरोदर, सातवा महिना.
नाव टाइप करायचं नसतं, फक्त नंबर.
पण डोळे वाचतातच.

उठले. बाळांचं कपाट उघडलं.
त्रेचाळीसच्या कागदाच्या पाठीवर
रात्रपाळीच्या सिस्टरने लिहून ठेवलं होतं :
'शेजारच्या खाटेवरच्या सिन्नरच्या ताईंनी दूध दिलं.
वाटी-चमच्याने दहा मिली. बाळाने ओकलं नाही.'
कागदाची पाठ कुठल्याच तक्त्यात येत नाही.

चहाला दोघंही खाली आले तेव्हा सांगून टाकलं.
टिळे सर म्हणाले, एका केसवरून काही सिद्ध होत नसतं,
आणि बशीत ओतलेला चहा तसाच राहिला.
आफ्रीन मॅडमनी बराच वेळ काही विचारलं नाही.
मग म्हणाल्या, ती तिसऱ्या मजल्यावर होती, बाळ दुसऱ्या.
लिफ्ट तर चालू होती ना तेव्हा?

फॉलोअपचे फोनही मीच करते.
हौसाचा नंबर दिराचा निघाला, दिराने दुसरा दिला,
दुसरा चार दिवस कव्हरेजबाहेर.
पाचव्या दिवशी लागला. कुणी पुरुष. मागे कोंबड्या.
मी फॉर्मप्रमाणे विचारत गेले :
ताप येतो का, वजन कधी केलं, लस.
तो म्हणाला, पोर बसाया लागली.
हे फॉर्ममध्ये नाही. मी हातावर लिहून घेतलं.
मग दुसरा फॉर्म ओढला आणि विचारलं,
हौसा?

तो थांबला. घाटात वारं असावं, किंवा लाइनच खराब.
म्हणाला,
आहा.
त्यांच्याकडे 'आहे'ला 'आहा' म्हणतात.
कशी आहे, गोळ्या चालू आहेत का,
परत कधी आणताय, केमोच्या तारखा गेल्यात,
हे सगळं माझ्या तोंडात असताना रेंज गेली.

पडद्यावर तीन पर्याय.
जिवंत, एक. मृत, दोन. संपर्क नाही, तीन.
मी एक दाबला.
मग शेजारी, जिथे काही लिहायचं नसतं,
तिथे लिहिलं : बाळ त्रेचाळीस पाहा.
आणि बाळांच्या तक्त्यात नवाशेजारी : गाठ दोनशे सतरा.

पंखा दोनवरच होता.
कर्सर आपोआप खालच्या ओळीत गेला.
दोनशे अठरा. पुरुष. वय एकसष्ट. जीभ. नांदगाव.
मी आधी कागद उलटा करून
पाठ बघितली.