पट्टी कुठं लावायची

बुटीबोरीच्या बंद पडलेल्या शेडमधून
हे धूड चौदा हजारांत आलं,
छोट्या हत्तीत बांधून, थेट पारडीपर्यंत.
दर गतिरोधकाला आतलं काहीतरी
घशात अडकल्यासारखं वाजायचं.

उतरवायला चौघं. पाचवी मी.
आयटीआयला बावीस पोरं होती, तेविसावी मी.
शेवटचा नंबर आपला, हे आता अंगवळणी पडलंय.

नावाची पाटी कुणीतरी हिरव्या रंगानं बुजवलेली.
थिनर, चिंधी, नख.
अँपिअर दिसले, कंपनीचं अर्धं नाव दिसलं,
व्होल्टच्या रकान्यात नुसते ओरखडे.

हिरामण निखारे आले. सायकल उन्हातच सोडली.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याची तारीख मिळायचीय.
माझ्या हातातली केबल काढून घेतली:
"पयले पत्ता पाह्य, पोरी. मंग वायर लाव.
करंट काई जावई नाई, की चुकीच्या घरी गेला
तं चहा पिऊन वापस येईन."

झाकणाला चार बोल्ट, त्यातला एक गंजून मेलेला.
त्याला रॉकेल पाजलं, आणि आमचा चहा होईस्तोवर थांबलो.
मग उघडलं:
जुन्या वार्निशचा वास,
एक वाळलेली पाल,
काळ्या बॅकेलाइटवर पितळी खुंट, आणि पितळेची पट्टी,
बोटाएवढी.

आत दोन गुंडाळ्या असतात.
एकीमागं एक उभ्या केल्या की चारशे पंधरा वाटून घेतात,
शेजारी शेजारी बसवल्या तर दोनशे वीसवर भागतं.
बसवल्या शेजारी आणि दिले चारशे पंधरा,
तर एका मिनिटात धूर.
हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. काकांना वासावरून.

पट्टी तीनशे ऐंशीच्या खुंटावर होती.
काऊन बरं?
झाकणाच्या आतल्या अंगाला, पेन्सिलीत, उतरत्या ओळीत:
मे महिना ३८०. पाणी पडलं की परत ४१५.
खाली नाव. दौलत.

काकांनी पिशवीतून दोन बल्ब काढले, शंभर शंभरचे,
एकामागं एक जोडलेले; एकटा असता तर फुटला असता.
फेजपासून फेजपर्यंत तारा टेकवल्या.
दुपारचे तीन. पारडीभर कूलर घरघरत होते.
बल्ब पेटले कावीळ झाल्यासारखे.
मीटर म्हणाला, तीनशे अडुसष्ट.

"रातच्याले दोन वाजता पाह्यजो, चारशे तीसच्या वर जाते.
तू कवा काम करशीन?"

हे कुणी विचारलं नव्हतं.
भाडं विचारलं होतं, लग्नाचं विचारलं होतं,
चष्मा लावतेस का, हातावर डाग पडतील त्याचं काय.
मी पत्र्याकडं पाहिलं. दुपारी खालची पक्कडसुद्धा उचलवत नाही.
म्हटलं, रात्री.

त्यांनी पट्टी काढली, पालिश कागदानं घासली,
चारशे पंधरावर नेऊन कसली,
पान्याला अर्धा वेढा जास्तच दिला.
दौलत दिवसपाळीचा असणार.

शेवटी हिरवी वायर,
मीठ-कोळशाच्या खड्ड्यापर्यंत.
"हे रोज काईच करत नाई. एकाच दिवशी करते."
आणि दोनशे रुपये घेतले, तीनशे देत होते तरी.

अकराला स्विच दाबला.
मशीन गुणगुणलं, थोडं खालच्या सुरात,
समोरच्या कुत्र्यानं कान टवकारले.
पहिला रॉड चिकटला. पिरगाळून सोडवला.
दुसरा धरला.

ऑर्डर नंदनवनच्या होस्टेलची आहे,
सतरा कूलर स्टँड.
म्हणजे पुढच्या मेमध्ये दुपारचे बल्ब
अजून थोडे पिवळे.

दौलतच्या ओळीखाली लिहायचं होतं, पेन्सिल सापडली नाही.
मापाच्या खडूनं लिहिलं: रात्री ४१५.
झाकण लावताना अंगठ्यानं पाच पुसला गेला.