मोहरकी

रात्रपाळी संपली की मी थेट तबेल्यात येते.
हेरफर्डहून ब्रॉमयार्डचा रस्ता,
दोन्ही बाजूंना हॉप्सचे रिकामे खांब, धुकं.
अंगाला वॉर्डातल्या सॅनिटायझरचा वास.
डॅमसन तो हुंगते, नाकपुड्या फेंदारते
आणि मग माफ करते.

ती कुमेत. अठरा वर्षांची. अर्धी माझी:
सोमवार, गुरुवार, एकाआड एक रविवार.
बाकीची ग्वेंडा प्रॉसरची,
जिचे हात फावड्यासारखे, आणि मतं त्याहून रुंद.

"तोंड उघडते, मान झटकते," ग्वेंडा म्हणाली,
"नाकपट्टा एक भोक आवळ."
एक भोक. मग आणखी एक.
मग खाली दुसरा, पातळ, हनुवटीच्या खोबणीतून;
ओढला की जबडा बंद.
डॅमसन गप्प झाली.
सगळे म्हणाले, बघ, सुधारली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
इंग्रजीत सांगायला गेले, जमलं नाही.
ग्वेंडाला वाटलं, मी बॉक्सिंगबद्दल बोलतेय.

पट्टा काढला तेव्हा दिसलं,
नाकाच्या हाडावर चार पांढरे केस.
चार म्हणजे चार, मी मोजले.
वरून बोट फिरवलं तर खाली खळगा.

असे खळगे माझ्या ओळखीचे.
मी श्वासाच्या वॉर्डात आहे,
ज्यांना स्वतःचा श्वास पुरत नाही
त्यांच्या तोंडावर मास्क बांधते.
सैल राहिला तर हवा फुसफुसत डोळ्यांत जाते.
घट्ट झाला तर पहाटेपर्यंत
नाकाची कातडी लाल, मग जांभळी, मग उघडी.
सात नंबरच्या मिस्टर प्रीसना आतून बोलता येईना;
त्यांनी माझं मनगट धरलं
आणि स्वतःच्या नाकापाशी नेलं.
घोडीला मनगट धरता येत नाही.

खोगिरांच्या खोलीत जुन्या पट्ट्यांचं खोकं.
एक फुलीसारखा, मधोमध मेंढीच्या लोकरीची टिकली.
एक पार खाली उतरणारा. हा नको,
तिथे हाड संपतं, नुसती कूर्चा उरते.
एक चकचकीत, गादीदार, दुहेरी ओढीचा;
गादी असली म्हणून काय झालं,
उशीनेही माणूस गुदमरतो.
तळाशी साधा, रुंद, तपकिरी,
कुणाचं तरी नाव कोरलेलं, अर्धं झिजलेलं.

आठवडाभर त्याला तेल चोळलं.
गालाच्या हाडाखाली दोन बोटं सोडून बसवला,
ओठाचा कोपरा चिमटत नाही ना, पाहिलं.
मग नाकावर, समोरून, शेजारी शेजारी दोन बोटं.
बाजूने नाही. बाजूला पोकळी असते,
तिथे कुणाचीही बोटं जातात.

"दोन बोटं, पण कुणाची?" ग्वेंडाने विचारलं.
प्रश्न बरोबर होता.
तिची दोन म्हणजे माझी तीन.
आम्ही ग्वेंडाची ठरवली.

तरी तोंड उघडायची ती.
मग लडलोहून दातांचा माणूस आला, कानस घेऊन.
मागच्या दाढेला फुटक्या काचेची धार,
गाल आतून सोललेला.
दोन वर्षं ती हेच सांगत होती
आणि आम्ही भोकं मोजत होतो.

ग्वेंडा बराच वेळ बोलली नाही.
चहा केला. माझ्या कपात साखर घातली,
मी साखर घेत नाही.
प्याले.

औशाचे मामा फोनवर म्हणाले, वेसणच ना ती?
नाही, वेसण नाकातून जाते. ही नाकावरून.
मग मोहरकी म्हण की.
मोहरकीत जनावराला रवंथ करता आला पाहिजे.
घोडं रवंथ करत नाही, मामा.
मग जांभई तरी?

आज सकाळी, फाटकापाशी,
सगळा साज चढवलेला असताना
डॅमसनने मान लांबवली
आणि दिली.
पिवळे दात, गुलाबी हिरड्या, जीभ एका बाजूला लोंबलेली,
डोळे पार आत वळलेले.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा मलाही आली.