चोवीस तासांचा बर्फ

रात्री नऊला मी जेवणाचं टेबल स्पिरिटनं पुसतो.
कॉडमाशाचे, डिझेलचे, सांडलेल्या रमचे डाग
लाकडात मुरलेत, ते जात नाहीत.
त्यांच्यावर निळा निर्जंतुक कागद पसरतो
आणि तू, एफी, न सांगता रेडिओ बंद करतेस.

चूर्णाची कुपी. द्रावाची कुपी. सुई.
हलवायचं नाही, नुसतं कलतं करायचं,
फेस येता कामा नये.
सेंट जॉन्सच्या नर्सनं तीन दिवस शिकवलं
या बोटांना, ज्यांनी चाळीस वर्षं
बोटींची इंजिनं खोलली
आणि ज्यांना कुणी कधी ‘हळू’ म्हटलं नव्हतं.

मात्रा नॅनोग्रॅममध्ये.
म्हणजे किती, मी विचारलं.
मिठाचा कण घ्या, ती म्हणाली,
त्याचे साठ हजार वाटे करा,
त्यातला एक.
ती हसली. मी परतीच्या वाटेवर, गाडीत,
दोनशे मैल त्या एका वाट्याचा विचार करत होतो.

फुप्फुसांतल्या वाटा आवळत चालल्यात,
डॉक्टर म्हणाले, उजवं हृदय
त्यांच्यावर ढकलून ढकलून सुजलंय.
मला कळलं ते असं :
पंप कष्टाळू, नळ्या आखडलेल्या.
हे औषध नळ्या सैल करतं,
पण रक्तात ते जेमतेम काही मिनिटं जगतं.
म्हणून कमरेला आणखी एक पंप,
छातीतून आत जाणारी बारीक नळी,
आणि थांबायचं नाही :
झोपेत नाही, चर्चमध्ये नाही,
माझ्याशी कडाकडा भांडतानाही नाही.

(एकदा नळी फडताळाच्या मुठीत अडकली.
तू जागच्या जागी उभी राहिलीस,
हुकाला लागलेला मासा उभा राहील तशी,
आणि मी सोडवेपर्यंत
एक शिवीसुद्धा दिली नाहीस.)

तुझे गाल आता सदा लाल.
मिसेस पार्डी म्हणतात, तब्येत छान दिसते.
तळपाय दुखतात, ते त्यांना दिसत नाहीत.
आणि प्रत्येक जेवणात पहिल्या घासाला
जबडा असा कळवळतो की तू डोळे मिटतेस.
मी तेव्हा खिडकीबाहेर बघतो.
दुसऱ्या घासाला तू म्हणतेस,
बटाटे चांगले शिजलेत.

तरी गेल्या हिवाळ्यात
बिछान्यापासून चुलीपर्यंत येताना
दोन खुर्च्यांवर बसत होतीस तू.
या वसंतात कपड्यांच्या दोरीपाशी गेलीस,
चादरी वाळत घातल्यास,
आणि शीळ घालण्याइतका श्वास उरला.
शीळ बेसूर होती.
मी शेडमध्ये पाना हातात धरून
ती संपेपर्यंत उभा होतो.

मग जूनमधलं ते वादळ.
दोन रात्री वीज नाही.
पंपाला बॅटरी होती, जोडीला दुसरा पंपही होता,
पण फ्रीझरमधल्या बर्फाच्या पिशव्या
पाणी पाणी झाल्या,
आणि हे औषध गारव्याशिवाय
दिवसभर टिकत नाही.
तू म्हणालीस, सेल्विनला हाक मार.
मी म्हणालो, या समुद्रात?
तू म्हणालीस, हाक तर मार.

सेल्विन पहाटे आला, कोपरापर्यंत भिजलेला,
बादलीत खाडीच्या तोंडाशी रुतलेल्या
हिमनगाचा एक तुकडा घेऊन.
हातोडीनं फोडला. दुहेरी पिशवीत भरला.
पंपाभोवती गुंडाळला.
कोण जाणे किती हजार वर्षांचा तो बर्फ,
चोवीस तासांच्या औषधाची राखण करायला बसला.

अंधारात तडतड ऐकू आली.
मी दचकलो : सिरिंजमधला इवलासा बुडबुडाही
मी रोज टिचक्या मारून हाकलतो,
आणि इथे तुझ्या कमरेपाशी हजारो फुटत होते.
‘जुनी हवा आहे,’ तू म्हणालीस,
‘एवढा वेळ धरून ठेवली होती त्यानं.
ऐक.’
ऐकलं.

सकाळी पिशवीतलं पाणी
मी मोरीत ओतणार होतो,
तू किटलीत घेतलंस.
चहा झाला. पाव कापला.
पहिला घास. तू डोळे मिटलेस.

या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं नाही.