रकाना अकरा

सायराकुलचा पगार
मार्चपासून बरण्यांत होतो.
काचेच्या, लिटरच्या, झाकणाविना.
कारखान्याकडे रोकड नाही,
काच आहे.

माझ्या फॉर्मवर रकाना अकरा:
मासिक उत्पन्न, सोममध्ये.
बरणी केवढ्याला, मी विचारते.
"त्यांच्या कागदावर सहाला.
बाजारात तीनला, गिऱ्हाईक भेटलं तर.
थंडीत कुणी फुकट नेईना."

साठ बरण्या.
सहाच्या भावाने ती दारिद्र्यरेषेच्या वर,
तीनच्या भावाने खाली.
बिश्केकहून आलेल्या पुस्तिकेत
याला 'मूल्यांकनाची अडचण' म्हटलंय.
ती म्हणते, आधी चहा घे.

चहाबरोबर जर्दाळूचा मुरंबा.
साखर कुठून आणली, हे विचारायला हवं, रकाना सतरा.
विचारत नाही. दोन चमचे खाते.
पाहुण्यांवरचा खर्च?
"शून्य लिही," करड्या आवाजात.

पलीकडे नवं निळं फाटक.
कामगारांची खाजगीकरणाची कूपनं
पिठाच्या पोत्यांवर विकत घेतलेला
जुना फोरमन तिथे राहतो.
घंटी दाबली. कुत्रं भुंकलं.
वरचा पडदा हलला.
नियमाप्रमाणे तीन खेपा घातल्या
आणि लिहिलं: घरी कुणी नाही.

रात्री कंदिलाशी बेरीज मांडली.
आकडे सांगतात,
या गावात विषमता फारशी नाही.

पिशवीच्या तळाशी
हाताला गार काहीतरी लागलं.
निघताना कधी कोंबली कोण जाणे.
म्हणजे आता एकोणसाठ.
मी रबर शोधते,
मग शोधायचं थांबते.