चौसष्ट

आपल्यात म्हणतात, नाणं कसं खणखणीत हवं.
माझी तर वाजतच नाहीत.
पारदर्शक डबीत एकेक बंद,
वर लेबल, त्यावर साल, टांकसाळ आणि आकडा:
बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट.
सत्तर म्हणजे निर्दोष.
त्या काळच्या डॉलरात सत्तर आपण कधी पाहिलं नाही,
असं लोरेन म्हणते, आणि ती चाळीस वर्षं बघते आहे.

लोरेन स्टुट्झमनचं दुकान टोलेडोत,
टायरवाला आणि बंद पडलेली बेकरी यांच्या मधोमध.
एक शनिवार सोडून एक मी तिथे असते.
आठवडाभर कारखान्यात काचा तपासायच्या,
बुडबुडा, चरा, लाट दिसली की काच बाद.
आणि सुटीच्या दिवशीही तेच, फक्त पदरचे पैसे घालून.
हे नवऱ्याचं म्हणणं. खोटं नाही.

पहिला डॉलर घेतला तो बासष्टचा.
अठराशे एक्क्याऐंशी, सॅन फ्रान्सिस्को.
मला तो चंद्रासारखा गुळगुळीत वाटला होता.
लोरेनने भिंग दिलं, दिवा तिरपा केला,
म्हणाली, "गाल बघ तिचा."
बघितला. अगं बाई!
ओरखडेच ओरखडे.
बाजारात एक दिवस न गेलेली ही चांदीची बाई,
कुणाच्या खिशात नाही, गल्ल्यात नाही,
तिजोरीतल्या गोणीत हजारजणींबरोबर पडून होती.
त्यांच्याच कडा तिला लागल्या.
मला एकदम मिरजेचं आमचं वसतिगृह आठवलं.

मग बासष्ट देऊन, वर वीस डॉलर घालून त्रेसष्ट.
दोन वर्षांनी त्रेसष्ट देऊन चौसष्ट.
दर वेळी तीच बाई घरी येते,
जरा कमी मार खाल्लेली.
"मग मिळालं काय?" नवरा विचारतो.
सांगता येत नाही.
नाण्यात फरक तीळभर, डोळ्यात हातभर.
दिवा फिरवला की चकाकी आऱ्यांसारखी फिरते,
ती कुठे अडखळते ते आता कळतं.
कुणी घासलंय, कुणी औषधात बुडवून गोरं केलंय,
काठावरची निळी-तपकिरी झाक आपसूक आली की कुणी आणली,
हे न बघायचं ठरवलं तरी दिसतं.

नंतर हाव सुटली.
माझं चौसष्ट खरं तर पासष्टचं होतं,
तपासणाऱ्याची त्या दिवशी झोप झाली नसणार.
फेब्रुवारीतल्या एका रात्री, दाराशी गुडघाभर बर्फ,
डबी टॉवेलात गुंडाळली, पक्कड लावली.
कट्.
उघडं नाणं तळव्यावर आलं,
गार, आणि वाटलं होतं त्याहून जड.
बोटाच्या टोकावर तोललं,
पेन्सिलीने हळूच टिचकी मारली.

वाजलं.
फ्रिजची घरघर, वरच्या खोलीतलं घोरणं,
सगळ्यावरून एक बारीक तार निघाली
आणि लांबत गेली.
मी श्वास सोडला तेव्हाही ती होती.

सहा आठवड्यांनी परत आलं, नव्या डबीत.
चौसष्ट.
फी, टपाल, विमा धरून नव्वद डॉलर पाण्यात.
नवऱ्याला साठ सांगितले.

परवा लोरेनच्या काउंटरवर माझं जुनं बासष्ट,
कुठून कुठून फिरून आलेलं.
हनुवटीपासून कानापर्यंतचा तो चरा, लगेच ओळखला.
समोर एक मुलगा, बारा-तेराचा असेल,
शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसून मिळवलेल्या
ओल्या, चुरगळलेल्या नोटा सरळ करत.
"मॅडम, चांगलं आहे का हो हे?"
लोरेन दुसरीकडे बघायला लागली.
मी भिंग खिशातच ठेवलं.
"माझंही हेच पहिलं होतं," म्हटलं.

त्याने पैसे मोजले, पुन्हा मोजले.
दाराशी गेल्यावर, कुणी बघत नाही असं समजून,
डबी कानाशी नेली
आणि हलवून पाहिली.