फट

तलावपाळीचं नाट्यगृह. शेवटच्या रांगेमागे काचेची खोली,
पूर्वी इथे फुटके स्पॉटलाइट ठेवायचे.
आता एक खुर्ची, एक माइक
आणि मी,
कळव्याच्या मैदानावरचा कबड्डीचा निवेदक,
वीस वर्षं,
श्वास न घेता बोलण्याबद्दल
दोन स्टीलच्या ताटांचा मानकरी.

कालिंदीबाई टिपणीस पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"तुम्हाला बोलता येतं हे कळलं.
आता गप्प बसायला शिकवते."

दोन मुली समोर संवाद म्हणायच्या.
एकीचं संपून दुसरीचं सुरू होईपर्यंत जेवढी फट,
तेवढीच माझी जागा.
"दाराखालून पत्र सरकवतात तसं सरकवा.
दार ढकलू नका."

मी म्हणालो, "ती उदास होऊन खिडकीशी जाते."
बाईंची पर्स टेबलावर आपटली.
"उदास कोणी ठरवलं? तुम्ही?
ती काय करते ते सांगा,
उदास आहे की नाही ते माझं मी बघते."
बघते, हा शब्द त्या सहज वापरतात.
पुन्हा: "खिडकीशी जाते. बोटानं गज मोजते.
तिसऱ्यावर थांबते."
"हं," त्या म्हणाल्या. महिनाभरात एवढंच.

एकदा रंग गाळले मी, दयेपोटी.
दिवाळे गावचा हिराजी, जन्मापासून न पाहिलेला, हसला:
"रंग सांगा की.
पांढरं नेसून आली म्हटलं की बायका कुजबुजतात,
हिरवा चुडा म्हटलं की सरकून जागा देतात.
रंग नाय, पण माणसं रंगाशी कशी वागतात
ते मला चांगलं ठाऊक."
कालिंदीबाईंकडे नवव्या वर्षापर्यंतचे रंग आहेत, जपलेले.
मरून म्हणजे मामाच्या स्कूटरची सीट.
मोरपिशी मिळायचा राहून गेला.

प्रयोगाच्या दुपारी सहाजणांना रंगमंचावर नेलं.
त्यांनी हातांनी पाहिली प्लायवूडची भिंत,
न उघडणारं कपाट,
थर्माकोलची पोळी, जी हिराजीनं वास घेऊन परत ठेवली.
साखरेचा डबा मात्र खरा. झाकण घट्ट.

दुसरा अंक.
तालमीत नव्हतं ते नटीनं केलं.
नवरा बाहेरच्या खोलीत हिशेब सांगतोय,
तिनं गळ्यातलं काढलं,
डबा उघडून साखरेत पुरलं,
वरची चमचाभर साखर त्याच्या चहात घातली.

चार सेकंद होते. मोजून चार.
माझ्या घशात कळव्याचं अख्खं मैदान उठून उभं राहिलं
आणि मी ते गिळलं.
वाटलं, इथे शब्द म्हणजे आगाऊपणा.
वाटलं, शिकलो.

नाट्यगृहानं एकदम श्वास आत ओढला.
सहा डोकी मागे वळली, काचेकडे.

नंतर कॅन्टीनपाशी, वड्याचा कागद उलगडत
कालिंदीबाई म्हणाल्या,
"झाकण ऐकलं. साखर ऐकली.
तीत पडलं ते जड होतं, हेही ऐकलं.
बाकी सगळ्यांना कळलं, मला नुसता आवाज आला.
ती फट माझी होती हो.
तुम्हीच जाऊन बसलात तिच्यात."

"पैसे नव्हते होय?" हिराजी म्हणाला.
"मी पुढचं सगळं नाटक पैशांचं पाहिलं.
आता पळेल, मग पळेल.
तसंही बरं होतं."
कोणी हसलं नाही, मग तोच हसला.

पुढचा प्रयोग वाशीला.
नटी काढेल, न काढेल.
संहितेच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय:
मंगळसूत्र काढते. साखरेत पुरते.
घड्याळ लावून म्हणतो. तीन सेकंद.
एक उरतो, तो बाईंचा.
घाई केली तर अडीच, पण मग साखर नीट ऐकू येत नाही.
पुन्हा म्हणतो.

ऐरोलीच्या सिग्नलला रिक्षावाला वळून विचारतो,
"कोण काढते?"