आकडा दोन

पेटी महिनाभरासाठी भाड्यानं आणली, कायानीहून.
जेवणाच्या डब्याएवढी, करडी, चार वायरी,
आणि एक गोल बटण, शून्य ते नऊ.
डॉक्टर हुस्कोबाईंनी आधी पाठ चाचपली होती,
बोटांनी, मणक्याच्या कडेकडेनं,
आणि जिथं तुइस्कूनं कान मागं पाडले
तिथं निळ्या खडूनं खूण केली.
"हे औषध नाही," त्या म्हणाल्या,
"दुखऱ्या स्नायूला जरा उसंत, एवढंच.
छातीजवळ लावायचं नाही, जखमेवर नाही,
गाभण असती तर दिलंच नसतं.
आणि तिला नको असेल तेव्हा नाही."

जानेवारीत तिची लव तीन बोटं वाढलेली.
तळहाताएवढ्या दोन जागा कात्रीनं भादरल्या,
कोमट फडका फिरवला,
जेलची नळी काखेत धरून ऊन केली
(बाहेर उणे बावीस),
चिकट्या बसवल्या, वर जुना पट्टा आवळला,
शर्यतींच्या दिवसांतला. त्यावर अजून तिचा नंबर, सात.

शून्य. एक.
काही नाही. ती गवत खात राहिली.
दोन.
कातडीखाली काहीतरी हललं,
माशी बसल्यावर थरथरतं तसं.
पण माशा तर सप्टेंबरातच मेल्या.
तिनं मान वळवून स्वतःच्या पाठीकडं पाहिलं,
मग माझ्याकडं,
हिशोब मागितल्यासारखं.
तीन केलं तर शेपूट फटकारते. म्हणून दोनच.
वीस मिनिटं.
सहाव्या मिनिटाला खालचा ओठ सुटतो,
अकराव्याला मागचा एक खूर सैल टेकवते,
मग केव्हातरी असा लांब श्वास सोडते
की वाफेत दिवा दिसेनासा होतो.
हे सगळं मी वहीत लिहिते.
विजेनं झालं, की हातानं,
की कुणी वीस मिनिटं नुसतं शेजारी उभं राहिल्यानं,
त्याला वहीत रकाना नाही.

बाबा दारातूनच बघायचे.
चाळीस वर्षं जंगलातून लाकूड ओढलेला माणूस,
आधी घोड्यांनी, मग यंत्रानं.
"घोडीला वीज! उद्या टेलिफोन द्याल."
दुखणं अंगावर काढायचं, ही आमच्या घरची रीत.
आजोबांनी काढलं, त्यांच्या घोड्यांनी काढलं,
बाबा बूट घालताना भिंतीकडं तोंड करतात.

दुसऱ्या आठवड्यात नळी लवकर संपायला लागली.
चिकट्यांवर पांढरे केस सापडले.
तुइस्कू तर तांबडी.
बटण मी शून्यावर ठेवून जायची,
सकाळी ते चारवर असायचं.

एका रात्री सौना निवत आली तरी बाबा आले नाहीत.
तबेल्यात उजेड.
उलट्या बादलीवर बसलेले,
लोकरीचा सदरा मानेपर्यंत वर,
कमरेवर दोन चिकट्या,
आणि तिचाच पट्टा, पोटावर नंबर सात.
तुइस्कू त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून.
ते तिला सांगत होते, मला कधी न सांगितलेलं:
चौसष्ट साली, कुहमोच्या उतारावर,
ओंडका निसटला तो.
"पोन्तुस तिथंच गेला," म्हणाले. "मी नुसता वाकलो."

मी आवाज न करता मागं फिरले.
बर्फ मात्र करकरला.
ऐकलं असेल.

सकाळी खडूशेजारी नवी नळी ठेवली.
त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही.
संध्याकाळी वहीत, माझ्या शाईखाली,
सुतारी पेन्सिलीनं, ठसठशीत:
"तुइस्कू, दोन. बरी.
म्हातारा, चार. शेपूट फटकारली नाही."

अठ्ठावीस तारखेला कायानीहून फोन आला.
घोडी अजून लंगडते का, बाईंनी विचारलं.
खिडकीतून दिसत होते दोघं,
विहिरीपर्यंतची वाट तुडवत,
बाबा आधी, दावं सैल,
ती त्यांच्या टोपीचा वास घेत.
घोडी आता लंगडत नव्हती.
"हो," मी म्हटलं,
"अजून एक महिना लागेल."